उजनीच्या पाण्यावर शिकायची सागरी नकाशाची परिभाषा

सोलापूरपासून समुद्र रस्त्याने साडेतीनशे-चारशे किलोमीटर. इथे सर्व्हे शिकलेल्याला टोटल स्टेशन, लेव्हल, डीजीपीएस यांचे शब्द तोंडपाठ असतात. पण बंदराच्या किंवा ड्रेजिंगच्या, म्हणजे गाळ उपसण्याच्या, साइटवर पाऊल ठेवलं की पहिल्याच दिवशी चार्ट डेटम, बार चेक, हीव्ह, स्क्वॉट, स्वाथ, पॅच टेस्ट असे शब्द अंगावर येतात. बरेच जण यादी करून पाठांतराला बसतात. त्यातून हाती फारसं काही लागत नाही. सागरी नकाशावर छापलेला खोलीचा प्रत्येक आकडा एका लांबलचक बेरीज-वजाबाकीतून निघतो, आणि यातले बहुतेक शब्द म्हणजे त्या हिशेबातल्या एकेका रकान्याचं नाव. रकाना कुठे बसतो, तो अधिक की वजा, आणि चुकला तर पुढे काय दिसतं, एवढं कळलं की शब्द वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही.

हा हिशेब शिकायला उजनीचा जलाशय पुरतो. सराव छोटा करायचा असेल तर शहराजवळ हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे. भरती-ओहोटी आणि खारं पाणी सोडलं तर बाकी सगळं इथे मिळतं; त्या दोन गोष्टी हिशेबात कुठे बसतात तेही त्या-त्या ठिकाणी दिलं आहे.

शून्य कुठे आहे?

खोली कशापासून मोजायची ते आधी ठरवावं लागतं. त्या ठरवलेल्या शून्याचं नाव डेटम. उन्हाळ्यात 'उजनी मायनस वीस टक्क्यांवर' ही बातमी वाचणाऱ्या माणसाला डेटम वेगळा समजावायची गरज नाही. धरणात पाणी दिसत असताना टक्केवारी वजा होते, कारण शून्य 491.030 मीटर पातळीवर धरलेलं आहे. त्याखाली सुमारे 63.66 टीएमसी मृतसाठा आहे. 496.830 मीटरला धरण शंभर टक्के भरतं आणि तेव्हा वरचा उपयुक्त साठा सुमारे 53.57 टीएमसी असतो.

चार्ट डेटम हेही असंच निवडलेलं शून्य, फक्त निवडीचा निकष वेगळा. ओहोटीचं पाणी सहसा ज्याच्या खाली उतरत नाही, ती पातळी घेतात. नकाशावर 6 मीटर लिहिलं असेल तर जहाजाला जवळजवळ कुठल्याही वेळी निदान तेवढं पाणी मिळावं आणि भरतीचं पाणी वरकड ठरावं, हा हेतू. आपल्या किनाऱ्यावर हे शून्य ठरवताना 'इंडियन स्प्रिंग लो वॉटर' ही पातळी वापरात आली. आंतरराष्ट्रीय जलमापन संघटना, म्हणजे आयएचओ, 'लोएस्ट ॲस्ट्रॉनॉमिकल टाइड'ची शिफारस करते: सुमारे 19 वर्षांच्या चक्रात गणिताने येणारी सर्वांत खालची ओहोटी. मुंबईला या शून्यापासून उधाणाच्या भरतीची सरासरी 4.42 मीटर आणि उधाणाच्या ओहोटीची 0.76 मीटर आहे. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, तेच आकडे 3.30 आणि 1.86 होतात. कागदपत्रांत 'स्प्रिंग' आणि 'नीप' लिहिलेलं असलं तरी होडीवरच्या तांडेलाशी बोलताना उधाण आणि भांग हेच शब्द वापरा, काम लवकर होतं.

ओहोटीला उघडी पडणारी जमीन चार्ट डेटमच्या वर असते. तिथे खोलीऐवजी 'ड्राइंग हाइट' छापतात आणि त्या आकड्याखाली रेघ मारतात. उजनीचा नकाशा 491.030 हे शून्य धरून काढला, तर काठची सगळी गाळपेराची जमीन अशी रेघ मारलेल्या आकड्यांनी भरेल. रेघ नजरेतून सुटली की 1.9 मीटर उंचीची जमीन 1.9 मीटर खोल पाणी म्हणून वाचली जाते. नवख्या माणसाची ही सर्वांत महाग चूक.

तिसरं शून्य जीएनएसएसचं, म्हणजे उपग्रहांवरून जागा आणि उंची काढणाऱ्या यंत्रणेचं. रिसीव्हर जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि धरणाची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून. सोलापूरच्या भागात या दोहोंत साठ मीटरांहून जास्त फरक आहे आणि जीएनएसएसचा आकडा लहान येतो. सॉफ्टवेअरमधलं जिऑइड मॉडेल, म्हणजे ठिकठिकाणचा हा फरक सांगणारा तक्ता, लावून हा फरक बराच निघतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. जलाशयाभोवतीच्या दोन-तीन विश्वासार्ह बेंचमार्कांवर, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या पक्क्या खुणांवर, रिसीव्हर उभा करून फरक मोजावा. फरक सगळीकडे सारखा नसतो, तो हळूहळू बदलत जातो. आडव्या निर्देशांकांसाठी सोलापूर यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून निर्देशांक देणाऱ्या पद्धतीच्या) 43 क्रमांकाच्या झोनमध्ये येतं, हेही सुरुवातीलाच सॉफ्टवेअरमध्ये तपासून घ्यावं.

पाण्याची पातळी कोणती धरायची?

समुद्रावर या रकान्याला 'टाइड रिडक्शन' म्हणतात. मोजलेल्या खोलीतून त्या क्षणीची भरतीची उंची वजा केली की चार्ट डेटमखालची खोली मिळते. त्यासाठी धक्क्यावर टाइड गेज किंवा आकडे रंगवलेली उभी पट्टी असते आणि दर दहा मिनिटांनी नोंद होते. गेजपासून काम लांब असेल तर भरतीची वेळ आणि उंची दोन्ही बदलतात. त्या सुधारणेचं नाव 'को-टायडल करेक्शन'.

उजनीवर पातळी दिवसाला काही सेंटिमीटरनेच हलते, त्यामुळे धरणावरची सकाळची नोंद दिवसभर वापरण्याचा मोह होतो. उन्हाळ्यात भिंतीजवळ काम असेल तर ते एक वेळ चालेल. पावसाळ्यात दौंडकडून विसर्ग येत असताना वरच्या अंगाला पाण्याचा उतार असतो, तिथे भिंतीजवळची पातळी लावली तर तळ खरा आहे त्याहून खाली दाखवला जातो. म्हणून कामाच्या जागी स्वतःची पट्टी रोवावी, तिचं शून्य लेव्हलने बेंचमार्कला बांधावं आणि सुरुवातीला, मध्ये, शेवटी नोंद घ्यावी. लाटांमुळे पट्टीवर पाणी वरखाली होत असेल तर मिनिटभर पाहून सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्याचा मध्य धरायचा. पट्टीभोवती भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा केला तर पाणी शांत दिसतं.

होडीवरची मांडणी

पाण्यात बुडवायचा जो भाग आवाजाचा ठोका सोडतो आणि परत ऐकतो तो ट्रान्सड्यूसर. तो होडीच्या बाजूला, लांबीच्या मध्याजवळ, इंजिनापासून दूर, पोलला घट्ट बांधावा. पंख्याच्या फेसाजवळ बांधला तर हवेचे बुडबुडे ठोका खातात आणि पडद्यावर तळ तुटक दिसतो. पोल दोन ठिकाणी आवळावा. एका क्लॅम्पवरचा पोल वेग वाढला की मागे झुकतो.

पाण्याच्या पृष्ठभागापासून ट्रान्सड्यूसरच्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे ड्राफ्ट. लहान होडीवर ते साधारण 30 ते 50 सेंटिमीटर ठेवतात. माणसं चढली-उतरली, पेट्रोलचा कॅन रिकामा झाला की ड्राफ्ट बदलतो, म्हणून सगळे आपापल्या जागी बसल्यावरच मोजायचा. होडी चालायला लागली की ती पाण्यात थोडी बसते. उथळ पाण्यात तळ आणि होडी यांच्यामधून पाणी जोरात वाहिल्याने होणारं हे बसणं म्हणजे स्क्वॉट, आणि खोल पाण्यातही वेगामुळे होणारं म्हणजे सेटलमेंट. मोठ्या जहाजाला स्क्वॉट मीटरभरही होऊ शकतो. आपल्या होडीला तो काही सेंटिमीटर, पण तो मोजता येतो: काठावर लेव्हल लावायची, होडीवर ट्रान्सड्यूसरजवळ स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी काठी, धरायचा, होडी थांबलेली असताना आणि कामाच्या वेगात असताना असे दोन आकडे घ्यायचे.

जीएनएसएसचा अँटेना त्याच पोलच्या डोक्यावर बसवला तर आडवं अंतर, म्हणजे ऑफसेट, शून्य होतो. मग पोल कललेला राहून चालत नाही: दोन मीटर उंचीवरचा अँटेना पाच अंश कलला की जागा 17 सेंटिमीटर सरकते.

बार चेक आणि ध्वनीचा वेग

इको साउंडर खोली मोजत नाही, वेळ मोजतो. ठोका तळाला जाऊन परत यायला लागलेला वेळ, गुणिले पाण्यातला आवाजाचा वेग, भागिले दोन. वेग तुम्ही भरायचा असतो आणि यंत्रात बहुधा 1500 मीटर प्रति सेकंद आधीच भरलेला असतो. गोड्या पाण्यात 20 अंशांना खरा वेग 1482, 25 अंशांना 1497, 30 अंशांना 1509 असतो. जानेवारीत उजनीचं पाणी 22 अंश असेल तर वेग साधारण 1488. यंत्र 1500 वर ठेवलं तर 20 मीटर खोलीला यंत्र 20.16 दाखवेल. म्हणजे 16 सेंटिमीटर जास्त, तेही धोक्याच्या बाजूला.

समुद्रात मीठ वेग वाढवतं: क्षार हजारी एक भागाने वाढले की सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. कोकणात 28 अंशांचं पूर्ण खारं पाणी असेल तर वेग 1540 च्या घरात जातो. उजनीवर 1488 लावलेलं यंत्र तसंच नेऊन तिथे सुरू केलं तर 20 मीटरचं पाणी 19.32 दिसेल. जहाजाला त्यात धोका नाही. ड्रेजिंगच्या मोजमापात मात्र न उपसलेला गाळ दिसतो आणि बिलावरून भांडण उभं राहतं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं, तिथे एकच सरासरी वेग पुरत नाही. 'साउंड व्हेलॉसिटी प्रोफायलर' नावाचा सेन्सर तळापर्यंत सोडून थराथराचा वेग घ्यावा लागतो. मे महिन्यात उजनीच्या खोल भागातही वरचं पाणी तापलेलं आणि खालचं त्यामानाने गार असतं, तेव्हा हा सेन्सर सोडून पाहिला तर वेगाची रेघ खाली जाताना कशी वळते ते चांगलं दिसतं.

सेन्सर नसेल तर बार चेक. ट्रान्सड्यूसरखाली एक लोखंडी पट्टी किंवा गोल प्लेट दोन बाजूंनी खूण केलेल्या साखळीला बांधून सोडायची आणि 2, 4, 6 अशा मीटरांवर थांबवून यंत्र काय दाखवतं ते लिहायचं. साखळी किंवा तारच हवी, सुती किंवा नायलॉनच्या दोराची लांबी ओला झाल्यावर बदलते. वारा पडलेला असताना, होडी थांबवून, शक्यतो भल्या सकाळी. वाहतं पाणी असेल तर पट्टी तिरकी जाते आणि सगळे आकडे खोटे येतात.

आकड्यांचा अर्थ असा लावायचा. प्रत्येक खोलीला फरक सारखाच, समजा 6 सेंटिमीटर, तर ड्राफ्ट चुकीचा भरलाय. फरक खोलीबरोबर वाढत गेला, 2 मीटरला 2 सेंटिमीटर आणि 10 मीटरला 10, तर वेग चुकीचा आहे. दोन्ही मिसळलेले असतील तर आधी सर्वांत उथळ खूण घेऊन ड्राफ्ट बसवायचा, मग सर्वांत खोल खूण घेऊन वेग, आणि पुन्हा उथळावर परत यायचं. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. ड्राफ्टची चूक वेग बदलून झाकणं ही साइटवर सर्रास दिसणारी पळवाट. त्यात बार चेकच्या खोलीला आकडा बरोबर दिसतो आणि त्याहून खोल पाण्यात चूक वाढत जाते. बार चेक दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा करून वहीत वेळेसह लिहावा. दोघांत फरक निघाला तर बहुधा पोल हललेला असतो.

लाइन टाकणे

होडी ज्या आखलेल्या रेषांवर चालवायची त्या मुख्य लाइन. त्या तळाच्या उताराच्या दिशेने जाव्यात, म्हणजे नदीच्या जुन्या पात्राला काटकोनात. पात्राच्या लांबीने लाइन टाकली तर दोन लाइनींच्या मधला काठ कधीच कळत नाही. अंतरासाठी जुना अंगवळणी पडलेला नियम असा: नकाशाच्या प्रमाणावर एक सेंटिमीटर. 1:5000 च्या नकाशाला 50 मीटर. त्यांना छेदून जाणाऱ्या थोड्या लाइन म्हणजे क्रॉस लाइन किंवा चेक लाइन, एकूण लांबीच्या साधारण 5 ते 10 टक्के. छेदाच्या जागी दोन वेळा मोजलेली खोली जुळते का, ते या लाइनी सांगतात.

वेग चार नॉटच्या आसपास ठेवावा. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, चार नॉटला होडी सेकंदाला दोन मीटरहून थोडी जास्त जाते. इथे 'लेटन्सी' समजून घ्या. जीएनएसएसची जागा आणि इको साउंडरची खोली लॅपटॉपवर एकाच क्षणी पोचली नाही, अर्धा सेकंद मागे-पुढे झाली, तर प्रत्येक खोली मीटरभर सरकून नकाशावर बसते. सपाट तळावर काहीच दिसत नाही. उतारावर मात्र जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला सरकल्यामुळे समखोली रेषा करवतीच्या दात्यांसारख्या होतात. नकाशावर दर लाइनीला नागमोड दिसली की आधी लेटन्सी तपासायची. तळाला तसा आकार असण्याची शक्यता जवळजवळ नसते.

लाटेवर होडी उभी वरखाली होते ती हीव्ह, डावी-उजवी कलते ती रोल, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर-खाली होते ती पिच. हे तिन्ही मोजणारा मोशन सेन्सर महाग असतो. तो नसेल तर उजनीवर दुपारनंतर काम थांबवावं. तेव्हा लांब पाण्यावर वारा धरतो आणि पडद्यावर तळ दातेरी दिसायला लागतो. सुरक्षेसाठीही हेच बरोबर. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला होता. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसायचं नाही, आणि जलसंपदा विभागाची लेखी परवानगी खिशात ठेवायची. दरवाजांजवळ आणि उपसा योजनेच्या पंपांजवळ जायचं नाही. मासेमारांची जाळी पंख्यात अडकते, म्हणून एक स्थानिक नावाडी सोबत घ्यावाच.

पडद्यावर काय दिसतं?

200 किलोहर्ट्झचा ठोका मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. 33 किंवा 24 किलोहर्ट्झचा ठोका गाळात शिरून खालच्या टणक थरापर्यंत जातो. दोन्ही एकत्र असलेलं यंत्र म्हणजे ड्युअल फ्रीक्वेन्सी. दोन रेघांतलं अंतर म्हणजे गाळाची जाडी, असं लिहून मोकळं होणारे अहवाल असतात. ते धाडसाचं आहे. खालचा ठोका नेमक्या कोणत्या थरावर थांबला ते त्याला स्वतःला सांगता येत नाही. दोन-चार ठिकाणी नमुना काढून किंवा सळई खुपसून पाहिल्याशिवाय जाडीचा आकडा देऊ नये. मऊ गाळाच्या काही बंदरांत तर तळ कशाला म्हणायचं ते घनतेवर ठरतं. साधारण 1.2 टन प्रति घनमीटर घनतेच्या थरापर्यंत जहाज चालू शकतं असं धरून त्याला 'नॉटिकल बॉटम' म्हणतात. म्हणून टेंडरमध्ये कोणती फ्रीक्वेन्सी मान्य आहे ते आधी वाचायचं.

ठोका खाली जाताना पसरतो. आठ अंशांचा बीम 20 मीटरवर सुमारे 2.8 मीटर रुंद होतो, त्याला 'फूटप्रिंट' म्हणतात. या रुंदीत जे सर्वांत उंच असेल त्याचा प्रतिध्वनी आधी येतो आणि यंत्र तीच खोली धरतं. बुडालेल्या शेतातली विहीर यामुळेच पडद्यावर अरुंद आणि उथळ दिसते किंवा अजिबात दिसत नाही.

उथळ आणि टणक तळावर ठोका दोनदा उड्या मारतो आणि बरोबर दुप्पट खोलीवर दुसरा तळ उमटतो. 1.5 मीटरच्या पाण्यात यंत्र अचानक 3.0 दाखवायला लागलं तर ते हेच. गेन, म्हणजे परत येणारा आवाज यंत्र किती वाढवून घेतं ते, कमी करायचा. जलपर्णीची मुळं, माशांचे थवे आणि गाळातून सुटणारे वायूचे बुडबुडे यांचे खोटे प्रतिध्वनी तळाच्या वर ठिपक्यांसारखे दिसतात. ते पुसायच्या आधी शेजारच्या लाइनीवर त्याच जागी काही आहे का पाहायचं. बुडालेल्या झाडाचा शेंडा आणि माशांचा थवा पडद्यावर सारखेच दिसू शकतात, आणि जहाजासाठी त्यातला एकच धोक्याचा असतो.

एक आकडा, शेवटपर्यंत

यंत्रावर 17.86 मीटर वाचले. यंत्रात वेग 1500 होता, खरा सरासरी वेग 1492 निघाला. 17.86 गुणिले 1492 भागिले 1500, म्हणजे 17.76. ड्राफ्ट 0.45 मिळवला: 18.21. चार नॉटला होडी 0.03 बसते, म्हणजे ट्रान्सड्यूसर तेवढा आणखी खाली आहे, तेही मिळवले: 18.24. ही त्या क्षणीची पाण्याची खरी खोली.

पट्टीवर पातळी 494.20 होती. 494.20 वजा 18.24, तळाची पातळी 475.96 मीटर. धरणाच्या कामाला हा आकडा लागतो. इंजिनिअर त्याला आरएल म्हणतात.

आता 491.030 हे चार्ट डेटम समजा. पाणी त्याच्या 3.17 मीटर वर आहे. समुद्रावर याच 3.17 ला भरतीची उंची म्हटलं असतं. 18.24 वजा 3.17, म्हणजे 15.07. नकाशावर 15 छापायचे. त्याच वेळी काठाजवळ 1.20 मीटर पाणी मिळालं असेल तर 1.20 वजा 3.17, म्हणजे वजा 1.97. ती उघडी पडणारी जमीन, तिच्या आकड्याखाली रेघ.

आरटीके पद्धतीने, म्हणजे काठावरच्या दुसऱ्या रिसीव्हरकडून लगोलग सुधारणा घेऊन, अँटेनाची उंची प्रत्येक क्षणी सेंटिमीटरमध्ये मिळत असेल तर दुसरी वाट आहे: अँटेनाची उंची, वजा अँटेनापासून ट्रान्सड्यूसरपर्यंतची पोलची लांबी, वजा वेगाने सुधारलेली खोली. यात ड्राफ्ट, स्क्वॉट, हीव्ह आणि पट्टी असे चारही रकाने गळून पडतात. तरी पट्टीचा हिशेब समांतर चालू ठेवावा. दोन्ही वाटांनी आलेला तळ पाचेक सेंटिमीटरच्या आत जुळला नाही तर बहुधा जिऑइडचा फरक किंवा पोलची लांबी चुकलेली असते.

कमी दाखवायचं की सरासरी?

बंदरातून धरणावर किंवा धरणावरून बंदरात जाणारे इथे हमखास घसरतात. सागरी नकाशा उथळाच्या बाजूला झुकलेला असतो. दाट मोजमापातून थोडे आकडे निवडताना सर्वांत कमी खोली राखतात, आणि दशांश उडवतानाही खोली कमीच करतात. याला 'शोल बायस' म्हणतात. जहाजासाठी ते योग्यच. धरणाच्या क्षमतेच्या हिशेबात मात्र अशी निवडलेली खोली वापरली तर पाणी कागदावर आटतं. 100 चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्यावर सरासरी 10 सेंटिमीटरची चूक म्हणजे 1 कोटी घनमीटर, साधारण 0.35 टीएमसी. क्षमतेसाठी संपूर्ण मोजमाप किंवा नकाशाचे सारखे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची सरासरी घ्यावी आणि सॉफ्टवेअरमध्ये 'मिनिमम' ऐवजी 'मीन' निवडलंय ना, ते पाहावं.

अचूकतेचे दर्जे

आयएचओचं एस-44 हे मानक. त्याची सहावी आवृत्ती 2020 ची. त्यात एक्सक्लुझिव्ह, स्पेशल, 1ए, 1बी आणि 2 असे पाच दर्जे आहेत. खोलीतल्या अनिश्चिततेची मर्यादा 'टीव्हीयू' अशी काढतात: अ चा वर्ग, अधिक ब गुणिले खोली याचा वर्ग, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ. अ म्हणजे खोलीवर अवलंबून नसलेली चूक, ब म्हणजे खोलीबरोबर वाढणारी. बार चेकमध्ये पाहिलेले तेच दोन प्रकार. स्पेशल दर्जाला अ 0.25 मीटर आणि ब 0.0075, 1ए ला 0.5 आणि 0.013. आपल्या 18 मीटरच्या उदाहरणाला मर्यादा अनुक्रमे 0.28 आणि 0.55 मीटर येते, 95 टक्के खात्रीने. छेदावर दोन मोजमापांतला फरक याच्या 1.41 पट चालतो. आडव्या जागेसाठी 'टीएचयू': स्पेशलला 2 मीटर, 1ए ला 5 मीटर अधिक खोलीच्या 5 टक्के.

मल्टिबीमची भर

एका ठोक्यात पंख्यासारखे शेकडो बीम सोडणारं यंत्र म्हणजे मल्टिबीम, आणि एका फेरीत झाकलेली पट्टी म्हणजे स्वाथ. 120 अंशांचा पंखा खोलीच्या सुमारे साडेतीन पट रुंदी झाकतो. उथळ उजनीत म्हणूनच मल्टिबीम फारसा परवडत नाही. 3 मीटर पाण्यात जेमतेम 10 मीटर पट्टी.

यंत्र होडीवर किती तिरकं बसलंय ते शोधायची पद्धत म्हणजे पॅच टेस्ट. क्रम लेटन्सी, पिच, रोल, यॉ (नाळ डावी-उजवी वळणं) असा ठेवतात. लेटन्सीला उतारावरची एकच लाइन एकाच दिशेने, दोन वेगांनी. पिचला तीच लाइन दोन दिशांनी, एकाच वेगाने. रोलला सपाट तळ आणि दोन दिशा. यॉला एखाद्या उठावाच्या दोन बाजूंनी समांतर लाइनी. रोलमध्ये अर्धा अंश राहिला तर 20 मीटर खोलीवर कडेच्या बीमला सुमारे 30 सेंटिमीटर चूक पडते, म्हणून रोलला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ध्वनीचा वेग चुकला की पट्टीच्या दोन्ही कडा एकाच वेळी वर किंवा खाली वळतात. रोल चुकला की एक कड वर आणि दुसरी खाली जाते. हा फरक डोळ्यांत बसला की अर्धं निदान झालं.

नकाशा हातात आल्यावर

भारतातले अधिकृत सागरी नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलमापन कार्यालय काढतं. आकडे वाचायच्या आधी शीर्षकाजवळचा मजकूर वाचावा: प्रमाण, एकक, खोलीचं शून्य, उंचीचं शून्य. ही दोन शून्यं वेगळी असतात. जुन्या नकाशावर खोली फॅदममध्ये, म्हणजे आपल्या वावेत असू शकते. एक फॅदम सहा फुटांचा, 1.8288 मीटर. तळाचा प्रकार रोमन अक्षरांत येतो: एस वाळू, एम चिखल, आर खडक, सी-वाय चिकणमाती. दीपस्तंभाशेजारी 'एफ-एल, कंसात 2, 10 एस, 15 एम, 12 एम' असं दिसलं तर दर 10 सेकंदांत दोन लखलखाट, उंची 15 मीटर, पल्ला 12 सागरी मैल. पहिला एम लहान लिपीतला म्हणजे मीटर, दुसरा मोठ्या लिपीतला म्हणजे सागरी मैल. सागरी मैल 1852 मीटरचा.

इलेक्ट्रॉनिक नकाशात मोजमापाचा भरवसा 'कॅटझॉक' या रकान्यात असतो: ए1 सर्वांत चांगला, मग ए2, बी, सी, डी, आणि यू म्हणजे अजून न ठरवलेला. डी असलेल्या भागात छापलेल्या खोलीवर विसंबून होडीही नेऊ नये.

कागदी नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीबाहेर, केलेल्या दुरुस्त्यांचे क्रमांक वर्षासह लिहिलेले असतात. नवीन धोके, हललेले बोये, बदललेले दिवे यांच्या सूचना 'नोटिसेस टू मरिनर्स' मधून येत राहतात आणि त्या हाताने नकाशावर चढवून क्रमांक त्या कोपऱ्यात नोंदवायचा असतो. शेवटचा क्रमांक जुना असेल तर मधल्या सगळ्या सूचना काढून, त्या नकाशाला लागू असलेल्या चढवून झाल्यावरच त्यावर लाइनी आखायला घ्यायच्या.